पंडित सुंदरलाल : एक ग्रंथकार आणि त्यांचा हैदराबाद अहवाल

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात ज्यांची चरित्रे द्यावयाची, ती माणसे बहुधा आपल्या भाषेची किंवा आपल्या नगरीची असतात. पंडित सुंदरलाल या दोन्हींपैकी कोणत्याच नात्याने आपले नव्हते. जन्म उत्तर प्रदेशातला, लेखन हिंदीतले, कर्मभूमी अलाहाबाद. हैदराबाद संस्थानात एका कामासाठी ते राहिले, ते उणेपुरे तेवीस दिवस. परंतु त्या तेवीस दिवसांत त्यांनी जे पाहिले, ऐकले आणि लिहून ठेवले, त्याचा संबंध उस्मानाबाद, लातूर, नांदेड, उदगीर, निलंगा या गावांशी, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांच्या गावांशी आहे. शिवाय ज्यांच्या हातचे एक पुस्तक परक्या सरकारने जप्त केले आणि एक अहवाल स्वकीयांच्या सरकारने कपाटात ठेवला, असा लेखक ग्रंथालयाच्या आस्थेचा विषय व्हावा हे स्वाभाविकच आहे.

सुंदरलाल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८८५ रोजी मुझफ्फरनगर जिल्ह्यातील खतौली येथे एका कायस्थ कुटुंबात झाला. पंडित ही उपाधी त्यांना लोकांनी त्यांच्या व्यासंगामुळे बहाल केली. लाहोरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात शिकत असताना लाला लजपतराय यांच्या सहवासाने त्यांच्या मनावर देशकार्याचा संस्कार झाला. पुढे कायद्याच्या शिक्षणासाठी ते अलाहाबादेस आले. पण वकिलीच्या पेशात त्यांचे मन रमणारे नव्हते. वंगभंगानंतरचा तो काळ. लोकमान्य टिळक, लालाजी आणि अरविंद घोष यांच्या जहाल राजकारणाने भारलेल्या तरुण पिढीचे ते प्रतिनिधी होते. १९०९ साली त्यांनी अलाहाबादेतून 'कर्मयोगी' हे हिंदी साप्ताहिक सुरू केले. १९१० च्या वृत्तपत्रविषयक कायद्याने सरकारला जामीन मागण्याचा आणि तो जप्त करण्याचा अधिकार मिळताच या साप्ताहिकाचे आयुष्य संपले. त्यानंतर काही काळ सुंदरलाल यांनी साधूच्या वेषात अज्ञातवासात काढला.

गांधीयुगाचा उदय झाल्यावर त्यांच्या कार्याला नवे वळण लागले. सशस्त्र क्रांतीचे आकर्षण ओसरून ते असहकाराच्या मार्गाला लागले. १९२३ सालच्या झेंडा सत्याग्रहाची ठिणगी प्रथम पडली ती जबलपुरात, आणि तेथे आघाडीवर राहून सहा महिन्यांचा कारावास पत्करणाऱ्यांत सुंदरलाल होते. हाच सत्याग्रह मग नागपुरात पेटला. जमनालाल बजाज यांच्या अटकेनंतर त्याची सूत्रे वल्लभभाई पटेल यांच्याकडे आली आणि त्यांनी तो यशस्वी रीतीने शेवटास नेला. पंचवीस वर्षांनी हैदराबादच्या प्रश्नावरून हीच दोन माणसे परस्परांसमोर उभी ठाकणार होती, याची त्या वेळी कोणाला कल्पना असणार?

१९२९ च्या मार्च महिन्यात सुंदरलाल यांचा 'भारत में अंग्रेज़ी राज' हा बृहद्ग्रंथ अलाहाबादेत प्रसिद्ध झाला. मेजर बामनदास बसू यांच्या इंग्रजी इतिहासग्रंथाचा त्यांनी मोठा आधार घेतला होता. तथापि सर्वसामान्य हिंदी वाचकाला कळेल अशा भाषेत कंपनीच्या राज्याची हकिकत सांगण्याचे काम त्यांचे स्वतःचे होते. ग्रंथ बाहेर पडतो न पडतो तोच, अवघ्या काही दिवसांत, सरकारने त्यावर बंदी घातली. बंदीचा हुकूम निघेपर्यंत बहुतेक प्रती ग्राहकांकडे रवानाही झाल्या होत्या. पुढे पोलिसांनी त्या घरोघरी शोधल्या, आणि लोकांनी त्या जपून ठेवल्या. प्रांतिक स्वायत्ततेच्या काळात, १९३७ नंतर, ही बंदी उठली. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारच्या प्रकाशन विभागानेच हा ग्रंथ पुन्हा छापला.

या ग्रंथातील १८५७ च्या उठावाचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सुंदरलाल ज्या अलाहाबादेत बसून लिहीत होते, त्याच शहरात आणि आसपासच्या खेड्यांत जून १८५७ मध्ये कर्नल नील याच्या फौजेने उठावाशी काडीचाही संबंध नसलेली शेकडो माणसे फासावर लटकवली होती. बंडवाल्यांनी इंग्रज स्त्रीपुरुषांच्या केलेल्या कत्तलींची नोंद इंग्रजी इतिहासात नावानिशी झाली. फासावर गेलेल्या खेडुतांची मोजदाद मात्र कोणी केली नाही. नील याला कोणी जाब विचारला नाही. तो त्याच वर्षी लखनौच्या लढाईत पडला, आणि मद्रासच्या हमरस्त्यावर त्याचा पुतळा उभा राहिला. तो हलविण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला आणि प्रत्यक्षात तो हलला १९३७ मध्ये. बंड मोडून काढताना सरकारच्या हातून जी निरपराध माणसे मरतात त्यांचा हिशेब सरकारने दिला पाहिजे, हा विचार त्या काळच्या राज्यकर्त्यांना शिवलाही नव्हता. सुंदरलाल यांच्या ग्रंथाने तो हिशेब मागितला, आणि म्हणूनच तो राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत सलला असावा.

पुढील दोन दशके त्यांनी तुरुंगवास, लेखन आणि हिंदु-मुस्लिम ऐक्याचे कार्य यांत घालविली. उर्दू आणि नागरी या दोन्ही लिप्यांत लिहिली जाणारी हिंदुस्थानी ही देशाची बोली व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. गीता आणि कुराण यांच्या शिकवणुकीतील साम्य दाखविणारे पुस्तक त्यांनी लिहिले. फाळणीला त्यांचा अखेरपर्यंत विरोध राहिला. हैदराबादच्या कामासाठी त्यांचे नाव पुढे आले ते या पार्श्वभूमीमुळे.

१९४८ चा हैदराबाद संस्थानातील काळ ज्यांनी अनुभवला, ती पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. संस्थानात तेव्हा दोन सशस्त्र शक्ती वावरत होत्या. तेलंगणात १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा उठाव चालू होता. दुसरीकडे मजलिस इत्तेहादुल मुसलमीनच्या रझाकार दलाने, लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखाली, संस्थान स्वतंत्र ठेवण्यासाठी हत्यार उचलले होते. बिदर जिल्ह्यातील गोरटा येथे मे १९४८ मध्ये आणि तेलंगणातील बैरानपल्ली येथे त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झालेल्या हत्याकांडांच्या आठवणी आजही त्या गावांत काढल्या जातात. 'इमरोज़'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून याच ऑगस्टातला; ते स्वतः मुसलमान होते आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करीत होते. लायक अली यांच्या सरकारने रझाकारांना आवर घातला नाही, आणि हजारो कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे सोलापूर, बार्शी, वऱ्हाड या बाजूंना गेली. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंगात आणि सरहद्दीवरील छावण्यांत जो लढा दिला, त्याचा इतिहास आपल्या ग्रंथालयाच्या कपाटांत विपुल आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवल्याची घोषणा केली आणि दुसऱ्या दिवशी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांनी लष्करी राज्यपाल म्हणून कारभार हाती घेतला. पोलीस ॲक्शन या नावाने ओळखली जाणारी ही मोहीम पाच दिवसांत संपली, आणि आपल्या मुक्तिसंग्रामाची कथा बहुधा येथेच संपते. सुंदरलाल यांच्या कामाला येथून पुढे प्रारंभ होतो.

शरणागतीनंतरच्या आठवड्यांत मराठवाडा आणि कर्नाटकातील जिल्ह्यांतून दिल्लीस अस्वस्थ करणाऱ्या बातम्या जाऊ लागल्या. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड, ज्यांनी कधी हत्यार हाती धरले नव्हते अशा मुसलमान शेतकरी, कारागीर आणि दुकानदारांवर उगवला जात होता. पंतप्रधान नेहरूंच्या पुढाकाराने एक सदिच्छा मंडळ पाठवावयाचे ठरले. पंडित सुंदरलाल, हैदराबादच्या 'पयाम' या उर्दू दैनिकाचे संस्थापक-संपादक व साहित्यिक काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे त्याचे सदस्य. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंडळ हैदराबादेस पोहोचले आणि २१ डिसेंबरला दिल्लीस परत निघाले. सुंदरलाल तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते.

त्यांच्या कामाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. त्या वेळी संस्थानात सोळा जिल्हे होते; मंडळाने त्यांपैकी नऊ पाहिले. सात जिल्ह्यांची मुख्य ठाणी, एकवीस शहरे आणि तेवीस मोठी खेडी त्यांनी प्रत्यक्ष फिरून पाहिली. जेथे जाता आले नाही अशा १०९ गावांतील पाचशेहून अधिक माणसांच्या जबान्या त्यांनी घेतल्या. एकतीस सभा आणि सत्तावीस खासगी बैठका झाल्या. त्यांत काँग्रेसचे कार्यकर्ते, जमियत उल उलेमाचे लोक, इत्तेहादचे सदस्य, शाळा-कॉलेजांतील शिक्षक व विद्यार्थी अशा सर्व बाजूंची माणसे होती. न्यायालयीन चौकशी करण्याचा अधिकार त्यांच्यापाशी नव्हता. शपथेवर साक्ष घेण्याची किंवा कागद मागविण्याची सोय नव्हती. समेट घडवून आणणे एवढेच त्यांचे उद्दिष्ट होते. पण मेलेल्यांची संख्या कोणी सांगत नसताना समेट कसला करावयाचा, हा प्रश्न त्यांना गावोगाव भेडसावला असला पाहिजे. मोजदादीचे काम त्यांनी आपण होऊन शिरावर घेतले.

अहवालातील निष्कर्ष थोडक्यात असे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ पोहोचली होती, आणि तेथे मेलेल्यांची संख्या अठरा हजारांहून कमी नव्हती. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत निदान पाच हजार माणसे मेली होती. संपूर्ण संस्थानाचा विचार करता, पोलीस ॲक्शनच्या काळात आणि तिच्या पाठोपाठ सत्तावीस ते चाळीस हजार माणसांचे प्राण गेले असावेत, असा मंडळाचा अंदाज होता, आणि तोही आपण हात राखूनच केला आहे असे त्यांनी नमूद केले. लातूर हे कासिम रझवी यांचे गाव. तेथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. तेथील मुसलमानांची वस्ती सुमारे दहा हजार होती. मंडळ पोहोचले तेव्हा जेमतेम तीन हजार उरली होती. हजारावर माणसे मारली गेली होती आणि बाकीची परागंदा झाली होती. अनेक गावांतील विहिरी प्रेतांनी भरल्या होत्या. त्यांतील एका विहिरीत मंडळाने अकरा प्रेते मोजली. एक प्रेत स्त्रीचे होते आणि तिच्या छातीशी तान्हे मूल होते.

जबाबदारीच्या बाबतीत अहवालाने कोणत्याच बाजूस झुकते माप दिले नाही. रझाकारांचे अत्याचार हे या सुडाचे मूळ होय, हे त्याने मान्य केले. सोलापूर आणि इतर शहरांतून आलेल्या एका जातीय संघटनेची माणसे आणि काही ठिकाणी कम्युनिस्टही दंगलखोरांत होते, असे त्याने सांगितले. लष्करी राज्यपालांबद्दल आणि एकंदर फौजेच्या शिस्तीबद्दल त्याने चांगले उद्गार काढले. पण फौजेतील व स्थानिक पोलिसांतील काही माणसांनी लुटीत व इतर गुन्ह्यांत भाग घेतल्याचा निःसंशय पुरावा आपणास मिळाला, आणि काही ठिकाणी सैनिकांनीच जमावाला लुटीस प्रवृत्त केले, हेही त्याने लपविले नाही. सरकारने पाठविलेल्या माणसांनी सरकारलाच हे लेखी कळविणे सोपे नव्हते.

याच अहवालात दुसरीही एक नोंद आहे आणि ती आपण अभिमानाने वाचावी अशी आहे. अनेक गावांत हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना आसरा दिला. एकाच धंद्यातील माणसांत हा जिव्हाळा अधिक दिसला. कित्येक ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या रक्षणासाठी आडवे आले, आणि त्यांपैकी काहींनी त्यासाठी प्राणही गमावले. पळविलेल्या स्त्रियांना परत आणण्याच्या कामी पुष्कळ हिंदूंनी मदत केली. अहवाल कपाटात गेला तेव्हा मारणाऱ्यांबरोबर या वाचविणाऱ्यांच्या हकिकतीही कुलपात गेल्या.

अहवाल दिल्लीस सादर झाला, पण प्रसिद्ध झाला नाही. गृहमंत्री सरदार पटेल यांना तो मुळीच रुचला नाही. सरकारने असे कोणतेही सदिच्छा मंडळ पाठविलेच नव्हते, अशी त्यांची भूमिका होती, आणि रझाकारांच्या अत्याचारांकडे मंडळाने पुरेसे लक्ष दिले नाही असा त्यांचा आक्षेप होता. सरदारांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. काश्मीरची लढाई अजून थांबलेली नव्हती, हैदराबादची तक्रार सुरक्षा समितीपुढे जाऊन आली होती, फाळणीच्या जखमा ताज्या होत्या आणि तेलंगणातील सशस्त्र उठाव चालूच होता. असा अहवाल छापला तर देशात आग भडकेल, ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु याच देशात १९१९ च्या जालियनवाला बागेनंतर परक्या सरकारलाही हंटर समिती नेमावी लागली आणि १९२० साली तिचा अहवाल छापावा लागला होता. काँग्रेसने तेवढ्यावर समाधान न मानता गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले मुकुंदराव जयकर यांच्याकरवी स्वतंत्र चौकशी केली होती. निरपराधांच्या मृत्यूचा हिशेब उघडपणे मांडला पाहिजे, हा धडा स्वातंत्र्य चळवळीनेच देशाला शिकविला होता.

पुढे काय झाले? कासिम रझवी यांच्यावर विशेष न्यायाधिकरणापुढे खटला चालला, त्यांना शिक्षा झाली, आणि १९५७ साली सुटका झाल्यावर ते पाकिस्तानात गेले. लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून तेथेच पोहोचले होते. रझाकारांच्या अपराधांचा न्याय पुरता झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु निदान खटला उभा राहिला, आरोपीचे नाव जाहीर झाले. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील मृत्यूंच्या बाबतीत मात्र उघड चौकशी करणारा न्यायालयीन आयोग नेमला गेला नाही. अधिकृत आकडा नसल्यामुळे ऐकीव आकड्यांना रान मोकळे झाले. कोणी दोन लाख म्हणू लागले, कोणी काहीच घडले नाही म्हणू लागले. ज्या घरातली माणसे गेली त्यांना सरकारदरबारी दाखविण्यासारखा कागद राहिला नाही, आणि जी गावे निर्दोष होती त्यांच्यावरचा संशयही फिटला नाही. हिशेब न देण्याचा तोटा असा दुहेरी होतो.

सुंदरलाल यांनी या प्रकरणी सरकारशी जाहीर भांडण मांडले नाही. १९५१ साली भारताचे सदिच्छा मंडळ घेऊन ते चीनला गेले, त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले, भारत-चीन मैत्री संघाचे आणि शांतता चळवळीचे नेतृत्व केले. १९६२ च्या युद्धाने त्या मैत्रीकार्याला ओहोटी लागली. चीनविषयीचा त्यांचा विश्वास भाबडा ठरला, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागेल. परंतु राजकारणात चुकलेला माणूस साक्षीदार म्हणून खोटा ठरत नाही. ९ मे १९८१ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हैदराबादचा अहवाल त्यांच्या हयातीत उजेडात आला नाही.

त्याचे काही भाग १९८८ साली ओमर खालिदी यांनी संपादिलेल्या एका इंग्रजी ग्रंथात आले. २०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादवरील ग्रंथात तो समग्र छापला गेला. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात अभ्यासकांना तो पाहता येतो, ही वार्ता त्याच वर्षी सर्वत्र पसरली. म्हणजे पासष्ट वर्षांनंतर तो वाचकांना लाभला, आणि तोही एका ग्रंथालयामार्फत. त्यातील आकडे अंतिम आहेत असे नाही. तीन आठवड्यांत, अधिकाराविना केलेली ती पाहणी होती, आणि तिच्यावर इतिहासकारांची चर्चा चालूच राहील. पण चर्चा व्हावयाची तर कागद समोर असावा लागतो.

१७ सप्टेंबर हा मुक्तिदिन आपण आदराने साजरा करतो आणि तो करावयासच हवा. गोरटा आणि बैरानपल्लीच्या मृतांना आपण विसरू शकत नाही. त्याच मराठवाड्याच्या विहिरींत पडलेल्या माणसांनाही विसरू नये, एवढीच सुंदरलाल यांची मागणी होती. ही मागणी मुक्तिसंग्रामाला कमीपणा आणणारी नाही. उलट ज्या मूल्यांसाठी तो लढा झाला त्यांचीच ती आठवण आहे. 'भारत में अंग्रेज़ी राज' ज्या वाचकांनी पोलिसांच्या नजरेआड जपून ठेवला, त्यांनी ग्रंथालयाचेच काम केले होते. पंडितजींचा हैदराबाद अहवालही आपल्या संग्रहात मुक्तिसंग्रामाच्या ग्रंथांशेजारी असावा, आणि सभासदांनी दोन्ही बाजूंची पाने सारख्याच निर्भयतेने वाचावीत. या वृद्ध ग्रंथकाराचे ऋण फेडण्याचा याहून उचित मार्ग दुसरा नाही.